धुकं सोडल्याशिवाय

रुपालीचं बोट हिरव्या बटणावर होतं, पण तिनं ते दाबलं नाही. केबिनच्या काचेतून ती वर पट्ट्याकडे बघत राहिली. दगड फोडणाऱ्या जबड्याच्या तोंडावर, चाळणीच्या कडेनं आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बारीक पितळी नोझल रांगेनं बसवलेली होती. एव्हाना त्यांतून पांढरं धुकं सुटायला हवं होतं. पंप घरघरत होता, पण नोझलच्या तोंडाला नुसता एकेक थेंब लोंबत होता आणि तोही उन्हानं वाळत चालला होता.

तिनं पंप बंद केला. बाहेर येऊन पाण्याच्या टाकीवर दगडानं ठोकलं. टाकी वरपासून खालपर्यंत पोकळ वाजली.

"पाणी न्हाय व्हय?" दगडाबाईनं विचारलं. ती आणि बाकीच्या बाया पट्ट्याच्या सावलीला बसल्या होत्या. पट्ट्यावरून जाणाऱ्या खडीतली मातीची ढेकळं आणि मुळ्या वेचून काढायचं त्यांचं काम. तोंडावर पदर बांधून त्या मशीन सुरू व्हायची वाट बघत होत्या.

"टँकर आलाच न्हाय वाटतं काल."

"आला की," दगडाबाई म्हणाली. "मालकाच्या डाळिंबात गेला. मी बघितला जाताना."

वर उतारावर शिवकुमारचा डंपर दगड भरून उभा होता. मशीन का लागत नाही म्हणून त्यानं एकदा हॉर्न वाजवला.

मंद्रूपच्या पुढं माळावर हा क्रशर होता. गेल्या वर्षी सरकारी नोटीस आली आणि मालकानं हे धुक्याचं सामान बसवून घेतलं. त्याआधी पाइपानं पाणी मारायचे. खडीचा चिखल व्हायचा, चाळणी तुंबायची आणि धूळ उडायची ती उडायचीच. नवीन सामान बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, मोठ्या थेंबाला धूळ हुकते, त्याच्या बाजूनं निघून जाते. थेंब धुळीएवढाच बारीक असला की तिला धरून खाली बसतो. पहिल्या दिवशी धुकं सोडलं तेव्हा दगडाबाईनं नाकावरचा पदर खाली ओढला होता आणि कितीतरी वेळ समोरच्या बाईकडे बघत उभी राहिली होती. चालू पट्ट्यावर एकमेकींची तोंडं दिसायची त्यांना सवयच नव्हती.

तेव्हापासून आधी धुकं, मग मशीन. असा नियम कुणी घालून दिला नव्हता. रुपालीनंच तो धरला होता.

मालकाची जीप आली. इंद्रजीत गाडीतून उतरला तोच फोनवर बोलत. रस्त्याच्या कंत्राटदाराला तो खडी निघालीच म्हणून सांगत होता. फोन खिशात टाकून तो केबिनच्या दाराशी आला. रुपालीचा नवरा मल्हार आणि तो मंद्रूपच्या शाळेत एका बाकावर बसलेले, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा.

"वहिनी, मशीन का बंद हाय?"

"पाणी न्हाय दादा."

"उद्या येतंय. आजचा दिवस तसंच चालवा."

"धुकं सोडल्याबिगर न्हाय चालवणार मी."

इंद्रजीत थोडा हसला. ती चेष्टा करत नाही हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

"आवो, गावात लोकांना प्यायला पाणी न्हाय. आन् आपण ते हवेत उडवत बसायचं? लोक काय म्हणतील?"

"टँकर गावात गेला असता तर मी बोललेच नसते."

त्यानं पट्ट्याखाली बसलेल्या बायांकडे बघितलं. दगडाबाईनं मान फिरवली.

"बाग बघितली का तुमी?" त्याचा आवाज खाली आला. "पानं गळायलीत. आमच्या आबांनी हातानं लावलेली झाडं हायती ती. रोज सकाळी उठून बघत्यात आन् काय बोलत न्हाईत."

"त्यास्नी बी घाला की पाणी. सगळा टँकर कुटं मागतीय मी? धुक्याला लागतंय किती? अर्धा लई झाला."

"अर्ध्यात बाग जगत न्हाय."

"माणसं जगत्यात," रुपाली म्हणाली.

इंद्रजीतचा फोन पुन्हा वाजायला लागला. त्यानं तो घेतला नाही. "व्हा बाजूला," म्हणून तो आत आला आणि त्यानं स्वतःच बटण दाबलं.

जबड्यात आदल्या दिवशीचे दगड राहिले होते. ते कडाकड फुटायला लागले आणि धूळ उठली. आधी जबडा दिसेनासा झाला, मग चाळणी. बाया उठून पट्ट्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि बघता बघता कमरेपासून वर पुसल्यासारख्या झाल्या. नुसते हात तेवढे पट्ट्यावर खालीवर होताना दिसत होते. केबिनीत मात्र धूळ नव्हती. काच बंद होती.

रुपाली त्या काचेमागं थोडी थांबली. मग दार उघडून बाहेर पडली आणि उतार चढायला लागली. वर शिवकुमारनं डंपर मागं घ्यायला सुरुवात केली होती. दगड ज्या तोंडातून खाली जबड्यात जातात, त्याच्या काठाला एक जाड लोखंडी पट्टी होती. डंपरची मागची चाकं त्या पट्टीला येऊन टेकायची. रुपाली त्या पट्टीला पाठ लावून खाली बसली.

शिवकुमारला ती आरशात दिसली. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढलं. तो अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा.

"अक्का! येडी का काय तू? उठ की तितनं!"

"न्हाय उठत."

खालून इंद्रजीतनं हात हलवला. शिवकुमारनं हॉर्न वाजवला, जरा वेळानं पुन्हा वाजवला. रुपालीनं पदर डोक्यावरून घेतला, उन्हासाठी.

आतला दगड संपला. मशीन रिकामंच धडधडत राहिलं. धूळ हळूहळू खाली बसली आणि बाया पुन्हा दिसायला लागल्या, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाच्या. त्यातली दगडाबाई उतार चढून वर आली.

"उठ गं. आमची रोजी बुडतीय."

"मावशी, तुमच्यासाठनंच बसलीय की."

"आमच्यासाठनं?" दगडाबाई म्हणाली. "आमाला इचारलंस का बसायच्या आदी? तुजं काय जातंय? तू काचंत बसतीस. मशीन बंद ऱ्हायलं तर तुला पगार मिळंल, आमच्या चुलीचं काय?"

रुपालीनं मान खाली घातली. दगडाबाई थोडा वेळ उभी राहिली, उत्तर येईल म्हणून. मग घसा खाकरून बाजूला थुंकली. थुंकी करडी होती. ती तिनं पायानं मातीत मिसळून टाकली आणि खाली गेली.

मग इंद्रजीत स्वतः वर आला. तो शिव्या देणाऱ्यातला माणूस नव्हता आणि बाईमाणसाला हाताला धरून उठवणाऱ्यातलाही नव्हता. कमरेवर हात ठेवून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"तुमाला हितं कामाला कुणी लावलं वहिनी?"

"तुमीच लावलं."

"मग?"

रुपालीनं घसरलेला पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

"ठीक हाय," तो म्हणाला. "मी मल्हारलाच घिऊन येतो. तोच सांगंल तुमाला."

जीप धूळ उडवत गावाकडं गेली आणि इतका वेळ ताठ असलेली रुपालीची पाठ पहिल्यांदा वाकली.

मल्हार काय सांगेल हे तिला ठाऊक होतं. रानात चारा उरला नाही तेव्हा मेंढरं विकून तो या क्रशरवर लागला होता. याच पट्ट्याखाली फावडं मारून त्यानं जवानी घालवली. खोकला सुरू झाला तेव्हा टीबी म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, खोकला राहिला. शेवटी सोलापुरात एका डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि रोगाचं नाव सांगायच्या आधी विचारलं, काम काय करत होता? आता मल्हार रात्री आडवा होत नव्हता. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचा. पण इंद्रजीतबद्दल त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. रुपाली बारावी शिकलेली, म्हणून इंद्रजीत आपणहून घरी येऊन तिला केबिनीतलं काम देऊन गेला होता. त्याला वाईट वाटंल असं काय करू नगंस, एवढंच मल्हार तिला सांगायचा.

ऊन वर आलं. शिवकुमार डंपरमधून तिच्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा. मध्येच त्यानं पाण्याची बाटली खाली सोडली. ती गडगडत तिच्या पायाशी आली. तिनं दोन घोट घेतले आणि बाटली बाजूला ठेवली.

जीप परत आली. इंद्रजीतनं दार उघडून मल्हारला हात दिला. घरातला शर्ट, गळ्याभोवती टॉवेल, पायात चप्पल उलटसुलट. उतरल्यावर तो जीपच्या बॉनेटला धरून उभा राहिला. तिथून वरपर्यंतचा उतार धडधाकट माणसाला काहीच नव्हता. मल्हार चार पावलं चालला आणि थांबला. इंद्रजीतनं त्याचा कोपर धरला. पुन्हा चार पावलं. पुन्हा थांबला. दर श्वासाला गळ्यापाशी खड्डा पडत होता, तो वरूनही दिसत होता.

रुपालीला उठून खाली धावावंसं वाटलं. तिनं दोन्ही हातांनी मागची लोखंडी पट्टी घट्ट धरली. ती तापलेली होती. रुपाली उठली की डंपर मागं येणार होता. मल्हार चढत राहिला आणि ती बसून बघत राहिली. इतकं अवघड तिला त्या दिवशी दुसरं काही गेलं नाही.

तो वर पोचला. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला. खालच्या बाया माना वर करून बघत होत्या.

"सांग बाबा आता तिला," इंद्रजीत म्हणाला. "माझं काय ऐकंना."

मल्हारनं एकदा डंपरकडे बघितलं, एकदा खाली रिकाम्या धडधडणाऱ्या मशीनकडे. मग तो हळूच रुपालीशेजारी खाली बसला. त्याला बसायलाही वेळ लागला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. इंद्रजीत थांबला, मित्राचा दम परत येईपर्यंत. दम आला, पण मल्हार बोलला नाही.

"मल्हार?"

मल्हारनं हात वर केला आणि मशीनकडे बोट दाखवलं.

"त्या आवाजात... बोलता येत न्हाय. बंद कर."

इंद्रजीतनं खालच्या माणसांना हाका मारल्या. मशीनच्या धडधडीत कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असलं तरी कुणी हललं नाही. शेवटी तो स्वतः उतार उतरला, केबिनीत गेला आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. माळावर एकदम शांत झालं. कुठंतरी टिटवी ओरडली तीसुद्धा ऐकू आली.

त्याच पावली तो पुन्हा भराभरा वर चढून आला. उन्हानं तोंड लाल झालेलं, छाती भात्यासारखी खालीवर होत होती.

"बोल आता," तो म्हणाला.

मल्हार जरासा सरकला. आपल्या दुसऱ्या अंगाला जागा झाली तिथं त्यानं हात आपटला.

"बस," तो म्हणाला. "दम घे आदी."

इंद्रजीत बसला नाही. तो मल्हारकडे बघत राहिला. मल्हारही आता त्याच्याकडे सरळ बघत होता आणि त्याच्याजवळ बोलायचं आणखी काही उरलेलं दिसत नव्हतं.

डंपरचं इंजिन बंद झालं. शिवकुमार खाली उतरला. इकडंतिकडं बघून त्यानं दोन मोठे दगड उचलले आणि चाकांना लावले. गाडी बराच वेळ उभी राहणार असली की लावतात तसे. मग तो मालकाकडे न बघता सावलीला जाऊन बसला. खाली दगडाबाईनं तोंडावरचा पदर सोडला, झटकला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

इंद्रजीत थोडा लांब गेला. पाठमोरा उभा राहून फोन लावला. टँकरवाल्याला त्यानं विचारलं, बागेत किती सोडलंस आन् किती उरलंय. मग बराच वेळ ऐकत राहिला. त्याची मान डाळिंबाच्या बागेकडे वळलेली होती. तिथून ती दिसत नव्हती, तरी तो तिकडंच बघत होता.

"ऱ्हायलेलं हिकडं घिऊन ये," तो शेवटी म्हणाला. "आबांना मी सांगतो."

फोन ठेवून तो परत आला. रुपालीच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "उठा वहिनी. टँकर निघालाय."

"येऊ द्या की," रुपाली म्हणाली आणि बसूनच राहिली.