दहावी सही

शिवणयंत्र थांबलं तसा नर्सबाईंनी कागद थेट सुईखाली सरकवला. शिंपीदादांनी चष्मा कपाळावर चढवला, आधी कागदाकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. दोन घरांमधल्या गटारावरून कडाक्याचं भांडण झालं, त्यानंतर बाई या घरात आल्या नव्हत्या. त्याला अकरा वर्षं झाली होती.

“बसा.”

“बसत नाही. सही हवीय.”

त्यांची गल्ली राहत्या घरांच्या विभागातून काढून गोदामांच्या विभागात टाकायचं नगरपालिकेनं योजलं होतं. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : निम्म्याहून अधिक घरमालकांनी लेखी हरकत घेतल्यास प्रस्ताव मागे घेतला जाईल. गल्लीत घरं एकोणीस, म्हणजे सह्या हव्या दहा. त्या एका ओळीच्या जोरावर बाईंनी तीन आठवडे सगळ्यांचे उंबरे झिजवले. कुणी चहा पाजून काखा वर केल्या, कुणी ‘मुलाला विचारतो’ म्हणून दार लोटलं. स्वतःची धरून नऊ सह्या झाल्या. उरलं होतं हे एकच दार.

“ट्रक दिवसभर येत-जात राहणार,” बाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना दिसत नाही. भिंतीला हात लावत एकटे वाचनालयापर्यंत जातात, कुणीतरी पेपर वाचून दाखवतं, परत येतात. दुसरीकडे नेलं तर खुर्चीतच बसून राहतील.”

“मला माहीत आहे ना. रोज इथे थांबतात. यंत्र ऐकतात आणि ‘चालू दे’ म्हणून पुढे जातात.”

हे बाईंना ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं कधी घरी सांगितलं नव्हतं.

शिंपीदादांनी कागद वाचला. कापडाचा पोत बघावा तसा बोटांत धरून पुन्हा वाचला. मग खडूच्या डब्यातून पेन काढलं आणि सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

“बाई...”

“काय?”

“काही नाही. गटाराचं तेव्हा तुमचंच बरोबर होतं.”

बाईंना हसू आलं. “अकरा वर्षं लागली होय मापं घ्यायला?”

सुनावणीला त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. अधिकारी सज्जन होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. कारकून सह्यांवरून बोट फिरवत शेजारच्या वहीत एकेक नाव ताडून पाहत होता. दहाव्या नावावर बोट थांबलं.

“हे मालक नाहीत.”

“अहो, चाळीस वर्षं राहतात तिथे!”

“राहत असतील. घर विकलंय. खरेदीखत गेल्या महिन्यात नोंदलं गेलंय.”

अधिकाऱ्यानं वही आपल्याकडे ओढून खात्री करून घेतली. “नऊच होतात मग,” तो हळू आवाजात म्हणाला, आणि कागदावर शिक्का उमटला. पेशंटचा रक्तदाब मोजायलाही याहून जास्त वेळ लागतो, असं बाईंच्या मनात आलं. समोरचा पाण्याचा पेला रिकामा करून त्या उठल्या.

परतल्यावर त्या आधी शिंपीदादांकडे गेल्या. यंत्र बंद होतं.

“विकलंत?”

“मुलगा ऐकेना. म्हणाला, एकटे किती दिवस राहणार.” ते टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिले. “महिनाअखेरीला येतोय न्यायला.”

“मग सही कशाला केलीत?”

“सांगणार होतो. पण इतक्या वर्षांनी तुम्ही दारात आलात, आणि मला नाही म्हणवेना. म्हटलं, कोण तपासतंय.”

 बाई वळल्या आणि बाहेर पडल्या.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर उभे होते. दारोदार फिरून मिळालेली पहिली सही त्यांची होती.

“काय झालं हो?”

बाईंनी एकदा मागे, शिंपीदादांच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं.

“घरं नाही मोजत म्हणे. जमिनीचं क्षेत्रफळ धरतात. आपण कमी पडलो.”

“म्हणजे यात चूक कुणाचीच नाही.”

“कुणाचीच नाही.”

मास्तरांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं बाईंना वाटलं.

“खरं सांगू? गोदामवाल्यांचा माणूस घर विकत मागायला माझ्याकडे दोनदा येऊन गेला. तुम्ही एवढ्या राबताय म्हणून मी त्याला थांबवून ठेवलं होतं. आता तुमची हरकत नसेल, तर मी त्याला होकार कळवतो.”

“माझी कसली हरकत.”

“बाकीचेही तयार आहेत. सगळे तुमच्यासाठीच थांबले होते.”

पलीकडच्या फुटपाथवरून बाईंचे यजमान येत होते. डावा हात भिंतीवर, पावलं सवयीची. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना हाक मारली नाही, ते पुढे निघून गेले.

मग बाईंनी पर्स उघडून पेन शोधलं.

“त्या माणसाचा नंबर सांगा,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “हळू सांगा.”