मी चेंडू परत देत राहिले

मी भिंत बोलतेय. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मैदानाची मागची भिंत. हातकणंगल्याच्या बाळासो गवंड्यानं मला दगडात बांधलं, वरून सिमेंटचा गिलावा चढवला आणि हात झटकत म्हणाला, "हत्ती धडकला तरी हलायची न्हाय ही."

हत्ती काही आला नाही. आले ते निवडणुकीचे रंगवाले, पानाच्या पिचकाऱ्या, आणि 'येथे लघवी करू नये' हे वाचत वाचत तेच करणारी शिकलीसवरलेली माणसं. ते सगळं मी सोसलं. मला टोचतं ते वेगळंच आहे.

१९९८ चा पावसाळा होता. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा तोंडावर आलेली, आणि आमचे क्रीडाशिक्षक, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, माझ्याजवळ उभे राहून कपाळाला हात लावायचे. गोलकीपर चांगला, बचाव भक्कम. घोर होता तो आघाडीच्या फळीचा. मधे तोहिद, डावीकडे प्रसेनजीत, उजवीकडे संघर्ष. एकेकटे तिघंही नावाजलेले, पण एकत्र उतरले की गोलच व्हायचा नाही.

कारण कोल्हापूरकराला सांगायला नको. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि पोरगं आधी तालमीचं, मग कॉलेजचं. तोहिद मंगळवार पेठेतल्या तालमीकडून खेळायचा, बाकीचे दोघं शेजारच्या पेठेतल्या. उन्हाळ्यात तालमींच्या फायनलला तोहिदच्या गोलमुळं या दोघांची तालीम हरली होती. आता तिघांच्या अंगात शर्ट एकाच रंगाचा. पण तोहिद मोकळा उभा असला तरी हे दोघं त्याला पास द्यायचे नाहीत.

"त्येला पास दिला म्हणून कट्ट्यावर काय तोंड दाखवू?" प्रसेनजीत एकदा आण्णांना सरळच म्हणाला.

सराव संपून सगळे पांगले की तोहिद माझ्याकडे यायचा. तो चेंडू मारायचा, मी परत द्यायचे. एकाच जागी मारायचा, इतका त्याचा नेम पक्का. "तू तरी देतीस की," असं म्हणायचा. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! आजवर माझ्याशी दोन शब्द बोललं होतं कोण? मी चेंडू थेट त्याच्या पायात देत राहिले. त्याला मान वर करून कुणाकडे बघावंच लागत नव्हतं. ती सवय त्याला माझ्यामुळं लागतेय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तो यायचा बंद झाला तर, ही भीती मोठी होती. भिंतीच्या हातात काय असतं, असं तुम्ही म्हणाल. तसं म्हणून मीही मनाची समजूत घातली.

मग गडहिंग्लजच्या संघाबरोबर सरावाचा सामना झाला. बरोबरी होती, वेळ संपत आलेली. चेंडू तोहिदच्या पायात, समोर दोघं अंगावर आलेले. डावीकडे प्रसेनजीत अगदी मोकळा. त्याला काय वाटलं कोण जाणे, पेठबीठ विसरून तो ओरडला, "तोहिद, दे की! मोकळा हाय मी!"

तोहिदनं मान वर केलीच नाही. स्वतःच मारला. चेंडू समोरच्याच्या नडगीवर आपटला, आणि तोच घेऊन पाहुण्यांनी आमच्यावर गोल केला.

आण्णा भडकले. "त्या भिताडासंगं खेळून खेळून तुझंबी भिताड झालंय! सोमवारी संघाची नावं द्यायची हायत. असंच खेळणार असलास तर तुझं नाव न्हाय."

"जल्मात एकदा मागितला, आण्णा," प्रसेनजीत म्हणाला आणि सायकल स्टँडकडे गेला.

तोहिद तसाच माझ्याकडे आला आणि रागारागानं चेंडू हाणू लागला. त्याच्या नेहमीच्या जागेवरचा गिलावा मार खाऊन खिळखिळा झाला होता, त्यात पाऊस मुरलेला. मोठा पोपडा निखळून पडला आणि दगड उघडा पडला. पुढचा चेंडू त्या दगडाच्या कोपऱ्यावर बसून भलतीकडेच गेला.

तोहिद माझ्याकडे बघतच राहिला.

"तू पन?" एवढंच म्हणाला.

चेंडू सायकल स्टँडपाशी, प्रसेनजीतच्या पायाजवळ थांबला होता. त्यानं रस्त्याकडे नजर टाकली, पेठेतलं कुणी बघत नाही ना याची खात्री केली. मग सायकल पुन्हा स्टँडला लावली आणि चेंडू तोहिदकडे ढकलला.

"घे. आन् आता माझ्याकडं बघून दे."

तोहिदनं दिला. थोड्या वेळानं संघर्षही चपला काढून आला, "मला आवतण धाडायचं व्हतं काय?" असं म्हणत. अंधार पडेपर्यंत चेंडू तिघांत फिरत होता. माझ्याकडे एकदाही आला नाही.

सोमवारी तिघांचीही नावं गेली. स्पर्धा दुसऱ्या मैदानावर होती, मला दिसली नाही. पण तोहिदच्या पासवर प्रसेनजीतनं गोल केला, हे परत आल्यावर दोघंही घसा फाटेस्तोवर सांगत होते.

आज त्याला नऊ वर्षं झाली. मधे मला रंग देताना गवंडी तो खड्डा बुजवायला निघाला, तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्यो." त्यामुळं माझ्या अंगावर तो तसाच आहे. तोहिद त्यानंतर एकटा कधी आला नाही. यावं असंही नाही.

पण तुम्हाला तो कुठं भेटला तर माझं एवढं काम करा. त्याला म्हणावं, त्या दिवशी भिंत तुझ्यावर उलटली नव्हती रे, गिलावा पडला होता. तिनं तुझं वाईट केलं ते त्याआधी, प्रत्येक चेंडू परत देऊन. त्याबद्दल ती माफी मागतेय.