आईच्या आवडीचं

माझ्या आईला थंडा फार आवडायचा, असं तिच्या दहाव्याला माइकवरून सांगितलं गेलं. सांगणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, माझा सख्खा भाऊ होता. कल्याणदादा. डोक्याचा नुकताच गोटा केलेला, अंगावर कोरं धोतर आणि हातात माइक. माइक हातात आला की आमच्या दादाचं दुःख लगेच आवरतं. ग्रामपंचायतीचा सदस्य आहे तो, आणि यंदा त्याला पंचायत समितीला उभं राहायचंय.

"आईनं कधी काही मागितलं नाही," तो सांगत होता. "पेलाभर थंडा दिला की माझी आई खूश. शुगर निघाली तेव्हा तोही सुटला बिचारीचा. आज तिला पोटभर पाजणार आहे मी."

नदीकाठी जमलेल्या माणसांनी हळहळून माना हलवल्या. मी बायकांत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आईला थंडा कसा आवडायला लागला, हे मला माहीत आहे. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, हायवेपासून थोडं आत. घरी सोयरे येवोत, मोजणीवाला येवो, नाहीतर बँकेचा साहेब येवो, आमच्या वडिलांची, अण्णांची, एकच ऑर्डर असायची, "थंडा आना रे." मग दुकानातून मोठी बाटली यायची. ओट्यावर पुरुषांसमोर ती फसफसत फुटायची, पेले भरायचे, गप्पा व्हायच्या. पाहुणे गेले की तळाला उरलेली बाटली आत यायची आणि चुलीजवळच्या फळीवर बसायची. संध्याकाळच्या भाकरी थापून झाल्या की आई ती प्यायची. गॅस गेलेला, चुलीच्या धगीनं कोमट झालेला, नुसता साखरेचा पाक. टाकून देणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून प्यायची. ते बघून वडील म्हणायचे, "तुमच्या आईला थंडा लई आवडतो बगा." झालं! तेवढ्यावर आमच्या घरात आईची आवड ठरली. एखाद्या बाईला उरलंसुरलं आवडतं असं एकदा ठरवून टाकलं की तिला ताजं द्यायची कटकटच मिटते.

तिला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी थंडा बंद सांगितला. तिनं त्याच दिवशी सोडला. घरात सगळ्यांना केवढी कीव आली. मला मात्र ती फोनवर म्हणाली, "बरं झालं बाई, सुटले. मला कवा आवडत हुतं ते?"

मी नगरला, सावेडीत राहते. नवरा हर्षल आणि मी दोघंही नोकरी करतो. रविवारी रात्री जेवताना आम्ही दोघं एकेक ग्लास वाइन घेतो. सासरमाहेरी सांगायची सोय नाही, म्हणून ती बाटली गव्हाच्या डब्यामागे असते. आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तीन रविवार ती बाटली काढलीच नाही. चौथ्या रविवारी हर्षल म्हणाला, "अगं, आईच आहेत ना." आणि त्यानं नवी बाटली टेबलावर आणून ठेवली.

"काय हाय ते?" आईनं विचारलं.

"वाइन. द्राक्षाची."

"म्हंजी दारूच की."

"हो, दारूच."

मला वाटलं आता ती देवघरात जाऊन बसेल. ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. हर्षलनं बूच काढलं. ते कसं निघतं हे तिनं वाकून पाहिलं, मग ते बूच हातात घेतलं आणि नाकाशी नेलं. "दे बगू मला," म्हणाली. तिला पहिला ग्लास दिला. एक घोट घेऊन तिनं तोंड असं वाकडं केलं की आम्ही दोघं हसायला लागलो.

"आंबून गेलंय हे. पैसे मागून घ्या दुकानदाराकडनं."

पण ग्लास तिनं खाली ठेवला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मागितला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, "हिरडा चगळून पानी पिलं की कसं मागून गोड लागतंय, तसं हाय ह्ये. थंड्याचं तसं न्हाई. आल्या आल्या गोड, मागून काय न्हाई. नुसता ढेकर." मग हळूहळू तिला कळायला लागलं. एकदा एक बाटली तिनं बाजूला सारली, "ही पोरकट हाय, नुसती गोडगोड." एकदा एक ग्लास तिनं पुरवून पुरवून प्यायला आणि म्हणाली, "ह्यात जांभळाच्या बीची चव हाय." मी इतकी वर्षं वाइन पिते, मला ती जांभळाची बी तिनं सांगितल्यावर सापडली.

आणि एका रात्री, जेवणं झाल्यावर, ती सहज बोलली. "रेश्मा, मला ह्ये आवडतंय ते चवीपायी बी असंल. पन खरं सांगू? माज्यासमोर बूच निगतंय आन पैला गलास मला मिळतोय. आख्ख्या जल्मात माज्यासाटी कुनी बाटली फोडली न्हवती गं."

मी भांडी घासायला उठले.

ती गावी परत गेली त्यानंतर मी भेटायला जाताना दर खेपेला एक बाटली साडीत गुंडाळून न्यायला लागले. सोबत एक ओपनरही दिला. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा तिला फिरवता यायचं नाही. "बुचाचं कसं करतेस?" मी विचारलं होतं. ती हसली. "व्हतंय," म्हणाली. मीही पुढं विचारलं नाही.

झोपेतच गेली ती. त्याचं मला समाधान आहे. बाकी कशाचं नाही.

दहाव्याच्या दिवशी सकाळी घरी तालुक्याचे कुणी पुढारी सांत्वनाला आले. लगेच थंडा! आई जाऊन दहा दिवस झाले तरी ओट्यावरची ती ऑर्डर तशीच आहे. सविता वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, पेले भरून बाहेर दिले. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई दादासमोर हो आणि नाही यापलीकडे बोललेली मला आठवत नाही. पुढारी गेले. अर्धी उरलेली बाटली आत आली. वहिनी झाकण घट्ट लावत होती, तेवढ्यात दादानं दारातून सांगितलं, "ती घाटावर घे. आईला ठिवायला व्हईल." वहिनीनं वर पाहिलं आणि बाटली पिशवीत घातली. मी बोलणार होते. चुलते गोरक्षनाथ मध्ये पडले, "आज भांडान नगं गं पोरी."

म्हणून मी गप्प बसले, आणि आता घाटावर हे ऐकत होते.

दादानंतर महाराज प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी आईला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात दादानं सांगितलेलं सगळं होतं. दादा गावात व्यसनमुक्तीच्या फेऱ्या काढतो, म्हणून महाराज म्हणाले, "अशा निर्व्यसनी माऊलीच्या पोटी असा निर्व्यसनी पुत्र जन्माला येतो!" निर्व्यसनी पुत्र रोज दिवेलागणीला हायवेच्या ढाब्यावर कुठल्या खोलीत बसतो, हे समोर बसलेल्या निम्म्या गावाला माहीत होतं. कारण तेही त्याच खोलीत बसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग पिंड मांडले. पत्रावळीवर भात, वडे, पुरणपोळी, बुंदीचा लाडू. शेजारी दादानं स्टीलचा पेला ठेवला आणि सकाळची ती उरलेली बाटली त्यात ओतली. फेससुद्धा आला नाही. सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले.

समोरच्या बाभळीवर कावळे ढिगानं होते. एकही खाली येईना.

"काय तरी राह्यलंय वयनींच्या मनात," गोरक्षकाका म्हणाले. मग सुरू झाली शब्द द्यायची रांग. काकांनी हात जोडले, "घर एकत्र ठिऊ." कावळा हलला नाही. दादा म्हणाला, "आई, रेश्माला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. मग दादा परत माइक हातात घेऊन मोठ्यानं म्हणाला, "आई, तुज्या नावानं गावात व्यसनमुक्ती केंद्र काढीन." दोन कावळे तर उडून पलीकडच्या झाडावर गेले. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अरे, मेल्यावर तरी बाईला काय हवंय ते तिच्या पानावर बघा! शब्द कसले देताय?

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या," म्हणाले.

मी उठले. गाडीत आईसाठी घेतलेली बाटली होती. पुढच्या खेपेला न्यायची म्हणून आणलेली, ती पुढची खेप आलीच नाही. ती आणि ओपनर घेऊन मी परत आले आणि पिंडासमोर बसले.

"काय हाय ते?" दादानं विचारलं. अगदी आईनं विचारलं होतं तेच. पण त्याला उत्तर नको होतं.

"आईच्या आवडीचं," मी म्हणाले.

बाटली ओळखायला त्याला वेळ लागला नाही. "डोकं फिरलंय का तुजं? दारू? बाईच्या पिंडाला दारू? चार लोकांत आईची इज्जत घालवती?"

"अण्णांच्या दहाव्याला काय ठेवलं होतंस, दादा?" माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "देशीची क्वार्टर ठेवली होतीस. नवी. सील माझ्यासमोर फोडलंस. वर बिडीचा कट्टा. कावळा शिवला तेव्हा हेच काका म्हणाले, अण्णा घोट मारून गेले. सगळे हसलात. तेव्हा नाही कुणाची इज्जत गेली? आणि आईला काय, तर सकाळी पुढाऱ्यानं पिऊन उरलेलं! जन्मभर उष्टं पाजलंत तिला, आज तरी नका पाजू!"

महाराज नदीकडे पाहू लागले. दादा माझ्याकडे यायला निघाला, पण पिंड मध्ये होते, ओलांडता येईनात, तो तिथंच खाली बसला.

मी ओपनर बुचात घातला. तो तिरका गेला, बूच कडेनं तुकडे पडून फुटायला लागलं. मी ओढलं, ते हलेना. माझ्या रागाचं पाणी पाणी होत चाललं होतं, आणि मागून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. तेवढ्यात कुणीतरी माझ्याशेजारी येऊन बसलं.

"आना इकडं, ताई. तिरका गेलाय तो."

सविता वहिनी होती. तिनं आधी तो स्टीलचा पेला उचलला, त्यातला थंडा लांब मातीत ओतला आणि पेला पदरानं पुसून ठेवला. मग माझ्या हातातली बाटली घेतली. ओपनर उलटा फिरवून बाहेर काढला, नख लावून मध्य शोधला, सरळ घातला. चार वेळा फिरवला, बाटली मांडीत धरली आणि एका दमात बूच बाहेर काढलं. एक कण आत पडला नाही. आणि मग, आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नसावं, तिनं ते बूच नाकाशी नेलं.

मी तिच्याकडे बघतच राहिले. लोणच्याच्या बरणीचं झाकण ज्या हातांना फिरवता येत नव्हतं, त्या हातांची आई "व्हतंय" म्हणाली होती, ते ह्या हातांनी होत होतं.

वहिनीनं पेला भरला. उरलेला नव्हे, पहिला. पत्रावळीशी ठेवला. "घ्या, आत्याबाई," एवढंच म्हणाली.

आम्ही मागं सरलो. बाभळीवरून एक कावळा उतरला. पेल्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, भाताचं शीत उचललं आणि गेला. "शिवला! शिवला!" म्हणून एकच गलका झाला, लोक उठायला लागले, जेवणाच्या मांडवाकडे वळायला लागले.

दादा उठला नाही. तो बायकोच्या हातातल्या बुचाकडे बघत होता. मांडीवर माइक तसाच होता आणि चालूच होता, त्यामुळे त्यानं हळू विचारलेलं सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

"ह्ये कुटं शिकली तू?"

लोक थांबले. वहिनीनं बूच बाटलीत परत दाबून बसवलं, बाटली आपल्या पिशवीत घातली, आणि लग्नापासून पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"तुमच्याच घरात. तुमी ढाब्यावर असायचे, तवा."