आकड्याला लागलेली तार

साल चौऱ्याऐंशीचं. गणपती नुकतेच बोळवले होते आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी रेडिओची तार तोडली.

गोराईच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. गावाला लागूनच रेडिओचं प्रक्षेपण केंद्र. एक बसकी इमारत, उंच लोखंडी मनोरा आणि भोवती कुंपण घातलेलं मोठं रान. मनोऱ्यापासून चहूकडे, गाडीच्या चाकाला आरे असतात तशा, तांब्याच्या तारा वीतभर खोल पुरलेल्या. त्या रानात पूर्वी आमचीच भातं होती. जमीन गेली, पण गवत राहिलं. दसरा झाला की गावच्या बायका आत जाऊन ते कापायच्या आणि आमच्या दोन म्हशी त्यावर वर्ष काढायच्या. कुंपणाच्या गंजक्या तारेला विळा टेकवला की किरकिऱ्या आवाजात चक्क बातम्या ऐकू यायच्या.

सासूबाईंचं नाव द्रौपदी. खेकडे ओढायचा हातभर लांब लोखंडी आकडा त्यांच्या कमरेला कायम. त्या दिवशी रानातल्या एका जुन्या बांधाच्या पायथ्याशी असलेल्या बिळात त्यांनी तो घातला आणि ओरडल्या, "सुगंधा, लय जोरकस हाय गं! धर माझी कंबर!"

मी धरली. दोघींनी जोर केला आणि दोघी चिखलात उताण्या पडलो. आकड्याला हिरवी पडलेली तार लोंबत होती.

"मेला, ह्यो कुठला खेकडा?"

"आत्या, रेडिओची तार तुटली!"

"अगो बाय! बंद पडला का काय?" त्या तशाच उठल्या, कुंपणापाशी गेल्या, विळा टेकवला. आत कुणीतरी भजन म्हणत होतं. "चालू हाय. चल घरी, नि कुनाला बोलू नको."

पण केंद्रात नंदकिशोर नावाचे नवे साहेब आले होते. चारच दिवसांत त्यांना तुटलेलं टोक सापडलं. तांब्याचे चोर गवतवाल्यांतूनच येतात असं म्हणून त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. यंदा गवत कुणालाच नाही.

माझे सासरे, धाकूमामा, ही बातमी घेऊन आले आणि ओटीवर बसले. "तबेल्यावाल्याला म्हशी न्यायला सांगितलाय. शुक्रवारी येल. गवत नाय तर म्हशींला काय पेपर घालू?"

सासूबाई जेवल्या नाहीत. गोठ्यात जाऊन म्हशीच्या मानेवर हात फिरवत उभ्या राहिल्या. गुरुवारी सकाळी आकडा घेऊन निघाल्या. मी मागोमाग.

फाटकावर भाऊराव पहारेकरी. "मावशे, साहेब कामात हायेत."

"मग सांग त्यांना, चोर आलाय."

साहेब आले. किडकिडीत, चष्मेवाले, काखेत नकाशाची गुंडाळी. "कुठंय चोर?"

"मीच. पन तांब्यासाठी नाय, खेकड्यासाठी." त्यांनी आकडा पुढे धरला.

"तुम्ही एकट्यांनी ती तार ओढून तोडलीत?"

"एकली कशी? ही सून होती ना कंबर धराया."

भाऊरावनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. साहेब मात्र हसले नाहीत. "बाई, एका तारेनं रेडिओ बंद पडत नाही. पण जुन्या तारा आणखीही कुठं कुठं गंजून तुटल्यात आणि त्याच सापडत नाहीत. गवत छातीएवढं झालंय. नकाशावरून खणावं तर तार तिथं नसतेच."

सासूबाईंनी नकाशा उलटसुलट पाहिला. "ह्या रेघा सरळ का?"

"तारा सरळच असतात."

"तुमच्या कागदात. ह्या तारा पुरल्या तवा मी रोजावर होती. गावचीच मानसं कामाला. आपलेच बांध फोडाया कुनाचा हात धजला नाय. बांध आला का तार वळवली. मुकादम दुपारी झोपायचा."

साहेबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली.

मग त्या गवतात शिरल्या. जुन्या शेतांची नावं घेत पुढे त्या, मागे साडीसारखी पँट खोचलेले साहेब. "ही खापरी. हितं उजव्या अंगाला वळसा. ही शेळकी, हितं खाली दाबलीय." आकडा मातीत घालायचा, तार वर यायची. दुपारपर्यंत पाच तुटलेल्या सापडल्या. साहेब गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून नकाशावर लाल पेन्सिलीनं वळसे काढत होते.

"गवत कापलं का बांध दिसतील, मंग बाकीच्या बी घावतील," सासूबाई म्हणाल्या. "नि परक्यानं कापलं तर माती धुपून उघड्या पडलेल्या तारंत त्याचा विळा जानार. बघा बाबा तुमी."

आता साहेब हसले. "भाऊराव, कुलूप काढ. पण बाई, खेकडे कुंपणाच्या बाहेर धरायचे."

"भायेरचे बारीक असतात," त्या पुटपुटल्या.

शुक्रवारी तबेल्यावाला आला, चहा पिऊन गेला.

नंदकिशोर साहेबांची तीन वर्षांनी नागपूरला बदली झाली. भाऊराव निवृत्त होऊन मुलाकडे कांदिवलीला राहिला. धाकूमामा एक्याण्णव साली गेले आणि त्यांच्यामागे म्हशी आम्हीच विकल्या, धारा तेच काढायचे. सासूबाईंनी तरीही पंचाहत्तरीपर्यंत गवत कापून विकलं, नंतर पाच वर्षं बांधावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या.

त्या गेल्या त्या वर्षी एक तरुण इंजिनीअर घर शोधत आला. हातात नंदकिशोर साहेबांनी जाताना लिहून ठेवलेला कागद होता: तारांबद्दल शंका आल्यास द्रौपदीबाईंना विचारावे. त्या नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

मी पदर खोचला. म्हटलं, "चल रे, बांध मला पाठ आहेत."