तीन नंबरचा उतार

मोजणीदारांनी गुडघे टेकून मीटरभर लांबीची पाणसळ तीन नंबरच्या पंपासमोर फरशीवर ठेवली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला. काचेतला बुडबुडा मधल्या दोन रेघांकडे फिरकलासुद्धा नाही. उजव्या टोकाला जाऊन चिकटला. त्यांनी पाणसळ फिरवून पाहिली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला. मग डाव्या टोकाखाली ते बोटं सारत गेले. एक, दोन, तीन. तीन बोटं गेल्यावर कुठे तो मध्यावर आला.

"काका, पेट्रोल घ्यायचंय की फरशी बसवायचीय?" टेम्पोवाला ओरडला.

पंपावरचा माणूस फिस्सकन हसला. मोजणीदार उठले, पाणसळ काखेत मारली आणि काहीही न भरता गाडी बाहेर काढून कडेला लावली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. टेम्पोवाल्यामुळे नव्हे.

गाडी पंचेचाळीस वर्षांची, दोन माणसांची, उघड्या टपाची, इतकी बुटकी की चढताना उतरल्यासारखं वाटावं. त्यांची बायको तिला 'धाकटी' म्हणायची. घरातली थोरली मी, असं तिचं म्हणणं. असल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या खऱ्या रस्त्यावर लिटरला किती धावतात, यावर जुन्या गाड्यांच्या मंडळात सगळेच थापा मारत. कुणी सोळा सांगे, कुणी अठरा. मोजणीदार तेवढे वार्षिक अंकात 'खरी सरासरी' नावाचं पान लिहीत आणि स्वतःच्या गाडीचा आकडा छातीठोकपणे छापत. पावणेबारा. त्यांची रीत साधी होती. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं मावलं तितकं जळलं.

गेल्या वर्षी घोडं अडलं ते या पंपावर. इथे भरलं की आकडा दर वेळी साडेदहावर घसरायचा. दोन लिटर मशीनवर उमटतात आणि टाकीत उतरत नाहीत, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. तीन नंबरवर तेव्हा एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मोजणीदारांनी भर दुपारी रांगेसमोर त्यांना चोर म्हटलं. मालकानं पाच लिटरचं माप आणून भरून दाखवलं, ते अगदी बरोबर भरलं.

"माप समोर आलं की कुणीही सरळ वागेल," मोजणीदार म्हणाले होते. बाईंचा चेहरा लाल झाला, तेव्हा रांगेकडे वळून त्यांनी वर 'खाई त्याला खवखवे' हेही ऐकवलं होतं. लोक हसले होते. मग त्यांनी मंडळातर्फे लेखी तक्रार केली आणि आठवड्याभरात बाई दिसेनाशा झाल्या. आपण एक चांगलं काम केलं, असंच त्यांना वाटलं होतं.

त्याला सात महिने झाले. बाईंच्या जागी दुसरा माणूस आला, मशीनही नवं बसलं. आणि गेल्या आठवड्यात इथे टाकी भरली तर आकडा आला साडेदहा.

मोजणीदार मालकाच्या खोलीत गेले. आत बसलेल्या मालकाला सांगताना त्यांची जीभ अडखळत होती. तीन नंबरला फरशी कलती आहे. पाणी वाहून जावं म्हणून केली असेल. गाडीची उजवी बाजू उचलली जाते, टाकीचं तोंड उजवीकडेच आहे, म्हणून कोपऱ्यात अडकणारी हवा सुटते आणि दोन लिटर जास्त मावतं. बाईंनी काही केलं नव्हतं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," मालक म्हणाला. "पण तुम्ही मंडळाचं पत्र आणलंत. एका बाईसाठी चाळीस गिऱ्हाइकं कोण घालवतो?"

"कुठे असतात त्या आता?"

"रंगाच्या दुकानात. शाळेसमोरच्या."

घरी येऊन त्यांनी वही उघडली. इथे टाकी भरल्यानंतरची पुढची भरणी दुसऱ्या पंपावर, सपाट जागी. आकडा तेरा. पुन्हा कधी इथे भरून मग तिकडे भरलं, तेव्हाही तेरा. दोन लिटर आधीच जास्त मावले होते, म्हणून पुढच्या वेळी दोन कमी लागले, इतका सरळ मामला. पण प्रत्येक तेरासमोर त्यांच्याच अक्षरात शेरा होता, 'पाय हलका ठेवला'. अकरा वेळा. कमी आला तो आकडा बाईंच्या माथी आणि जास्त आला तो स्वतःच्या पायाला! त्यांना स्वतःचं अक्षर बघवेना.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं अंगण खरंच वाकडं होतं. आणि चाळीस वर्षं जमिनी मोजणाऱ्याला ते दिसलं नाही."

"थट्टा करू नकोस गं."

"थट्टा नाही करत. मला कसंतरीच होतंय. जा आणि माफी मागून या."

मोजणीदारांनी पत्र लिहायला घेतलं. चूक संपूर्णपणे माझी, बाई निर्दोष. तीनदा फाडलं, चौथ्यांदा जमलं. सकाळी रंगाच्या दुकानात शिरताना ते खिशात होतं, आणि ते दिलं की छातीवरचा धोंडा उतरेल अशी त्यांना मनापासून आशा होती.

बाई काउंटरमागे एका डब्यात निळ्या रंगाचे थेंब मोजून सोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि ओळखलं. हात मात्र थांबला नाही. सात थेंब पुरे झाल्यावरच बाटली खाली ठेवली.

"काय हवंय?"

"बाई, माझी चूक झाली. तिथे तीन नंबरला उतार आहे, हो. मी काल मोजला."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"दोनदा. गाडी दोन नंबरवर घ्या म्हटलं, इथं फरशी कलती आहे, अशा बुटक्या गाड्या इथं जास्त पितात. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

त्यांना आठवलं. शब्दन् शब्द आठवला. उतार मला शिकवू नका, बाई, तुम्ही नळी धरा. आत्ता या क्षणी काउंटरखाली जाऊन बसावं असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं पत्र काढलं.

"हे मी इथल्या तुमच्या मालकांना देतो. मंडळाच्या अंकातही छापतो. तुमच्या नावासकट. सगळ्यांना कळू दे."

बाईंनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं.

"छापू नका. कुणाला दाखवूही नका."

"अहो, पण यात तुम्ही निर्दोष आहात असंच..."

"साहेब, हळू बोला." त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "इथं मी सांगितलंय, रात्रपाळी झेपेना म्हणून सोडलं. चोरीवरून काढलेल्या बाईला कोण उभं करतं? चार दुकानांत खरं सांगून पाहिलं मी. आता तुम्ही छापाल की हिनं चोरी केली नव्हती, तर लोकांच्या लक्षात काय राहील? एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं."

"मग मी करू तरी काय?"

"तुम्हाला बरं वाटेल हो त्या पत्रानं. माझं काय?"

त्यांनी घडी घालून ते परत केलं. मोजणीदार ते हातात धरून उभे राहिले. इतकी लाज त्यांना भर रांगेत टेम्पोवाल्यासमोरही वाटली नव्हती. तेवढ्यात मागच्या दारातून दुकानदार डबे घेऊन आला. पस्तिशीचा, उत्साही माणूस.

"काय ताई, ओळखीचे का?"

"पंपावर यायचे," बाई म्हणाल्या आणि डब्यावर झाकण ठेवलं.

"अरे वा! मग काका, तुम्हालाच विचारतो." दुकानदारानं डबे खाली ठेवले. "तिथली नोकरी चांगली होती की. यांनी एकाएकी सोडली कशी? विचारलं की ताई विषयच बदलतात."

तो हसत विचारत होता, पण उत्तरासाठी थांबला होता. बाईंचा हात झाकणावरच राहिला.

मोजल्याशिवाय मोजणीदार कधी बोलले नव्हते. चारचौघांत त्याचाच त्यांना तोरा होता.

"रात्रपाळी," ते म्हणाले. "मालक सोडायलाच तयार नव्हते. दोनदा घरी गेले समजवायला. आम्ही गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचो, बाई, जाऊ नका."

"असं होय! नाही, उद्यापासून गल्ला यांच्याकडे सोपवावा म्हणतोय. माणसाची खात्री असलेली बरी."

"सोपवा," मोजणीदार म्हणाले. "बिनघोर सोपवा. मी इतकी वर्षं पेट्रोल घेतलं, एका थेंबाचा फरक पडला नाही."

"झालं तर मग," म्हणत दुकानदार पुन्हा आत गेला.

मोजणीदार तिथेच उभे राहिले. काहीतरी मिळेल, एखादा शब्द, निदान एक नजर, असं त्यांना वाटत होतं. बाईंनी लाकडी हातोडीनं झाकण चारी बाजूंनी ठोकून बसवलं, डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

"अजून काही हवंय?"

"नाही."

"मग जरा बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "मागे गिऱ्हाईक उभं आहे."