तिकीटवालीच्या मापाचा स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे, राखाडी लोकरीचा, क्रोशाचा. मित्रांनो, जुना म्हणजे फाटका नव्हे हं. लगेच नाक मुरडू नका. दुकानात ढिगाने पडलेले असतात, कुणालाही होतात, तसला मी नाही. मला एका बाईसाठी विणलं, तेही दोनदा. पहिल्यांदा विणला तो खोटा होता.

मला विणणाऱ्या काकू इस्त्रीच्या दुकानावर राहतात. खाली काकांचं दुकान, वर खोली. खालून दिवसभर वाफ येते आणि काकांची कुरकुर येते.

तिकीटवाली बाई तो जिना मुलीचा हात धरून चढली. बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायची, म्हणून हे नाव. आजारी होती. कसला आजार ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, म्हणजे कळलंच.

"माझा निरोपसमारंभ आहे ऑफिसात," ती धापा टाकत म्हणाली. "सगळे कपडे खुंटीवर टांगल्यासारखे दिसतात. खुंटी मीच! तिथे लोकांनी मला बघायला पाहिजे, कपड्याचा घोळ नाही. एक तरी कपडा माझ्या मापाचा करून द्या. आत्ताच्या मापाचा."

काकूंनी टेप काढली. माप घेताना टेपखाली दोन बोटं ठेवायची रीत असते, म्हणजे कपड्यात श्वास घेता येतो. पण आईच्या पाठीमागून मुलीने खूण केली. ओठांवर बोट. डोळे भरलेले. झालं, काकू पाघळल्या. टेपखाली त्यांनी अख्खी मूठ घातली.

"अहो, कुठे वाळलात? तुमच्या जुन्या स्वेटरइतकंच भरतंय की!"

तिकीटवालीने मान डोलावली. ते खरं असावं असं तिलाही वाटलं असेल.

काकूंचा हिशोब असा, की घोळदार असला म्हणजे हाडं झाकली जातील. सुई घेतली, साखळी घातली, साखळीवर खांब म्हणजे उभे टाके घातले, खांबांवर पुन्हा खांब. हात एकदम सफाईदार. मी वाढत होतो आणि आतल्या आत चिडत होतो. ज्या अंगासाठी मला विणत होत्या ते अंग आता राहिलंच नव्हतं. पण स्वेटरचं कोण ऐकतं?

मग तिने मला घातलं. खांदे कोपराकडे घसरले. गळा लोंबला. मी तिच्या अंगावर नव्हतोच, भोवती होतो. ती आरशात बघत राहिली.

"आई, सैलच असतो गं स्वेटर," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस." मग ती काकूंकडे वळली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "डॉक्टर म्हणतो बरं वाटेल. नवरा म्हणतो रंग सुधारला. ही पोरगी तर पोरगीच आहे, हिला काय बोलू? पण तुम्ही कारागीर ना? मला वाटलं, निदान टेप तरी खरं बोलेल."

काकूंनी मान खाली घातली. "चुकलं माझं. परत माप घेते."

"घ्या. आणि मोठ्याने सांगा."

काकूंनी दोनच बोटं ठेवली आणि आकडा मोठ्याने सांगितला. मुलगी जिन्यात जाऊन रडली. तिकीटवाली म्हणाली, "हां. असं सांगायचं."

कापड असतं तर बाजूने टाचून भागलं असतं. क्रोशाचं तसं नाही. शिवण दाबली की गाठोडं दिसतं. मला उसवावंच लागलं. एक टोक ओढलं आणि सरसर सगळा गेलो. दुखतं मित्रांनो, खोटं कशाला सांगू. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून काकांनी दोन्ही हातांवर लडी घेऊन ती वाफेवर धरली.

"बघा, अटक झाली मला," काका हात पुढे करून म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. जेवणसुद्धा सुई हातात धरूनच. निरोप जवळ आला होता आणि उशीर झाला असता तर दुसरा निरोप नव्हता.

झालो वेळेवर. लहानसा झालो. शाळेतल्या पोरीचा वाटावा एवढा. ऑफिसात ती ताठ उभी राहिली. एक साहेब म्हणाले, "वा! बारीक झालात, छान दिसताय!" सगळ्यांचे चेहरे पडले. ती म्हणाली, "हो ना. लोक पैसे भरतात, मी फुकटात झाले." आणि तीच आधी हसली. तिच्या बरगड्या हलल्या, त्या मी धरून ठेवल्या. माझं सगळं आयुष्य धरलं तर तेवढंच.

त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. थंडी संपायच्या आधी गेली.

मग मी घरात कुणालाच होईना. मुलीने एकदा मला अंगात घालायचा प्रयत्न केला, खांद्यावरचा एक खांब तटकन तुटला. मला घेऊन ती काकूंकडे आली. "बाजूला पट्ट्या विणून मोठा करा ना. मला घालायचाय."

काकूंनी तुटलेला खांब आधी सांधला. मग मला टेबलावर सपाट पसरलं. "करता येईल. पण एकदा बघ नीट."

मुलीने बघितलं. हात पसरून एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत फिरवला. हात लगेच पोचला.

"आई एवढीच होती?"

"शेवटी एवढीच."

तिने माझी घडी घातली आणि मला तसंच घरी नेलं.

मित्रांनो, क्रोशाचा कपडा गार पाण्यात धुवा. पिळू नका. खिळ्याला टांगू नका, आमचे खांदे लोंबतात. एक टाका तुटला तर लगेच सांधा, नाहीतर एकामागून एक सगळे जातात. आणि आमच्यासारखा एखादा तुमच्या कपाटात असेल, कुणालाच न होणारा, तर त्याला ताणून मोठा करू नका. आतलं माणूस जेवढं उरलं होतं, तेवढंच राहू द्या.