दोन कुलपांची पेटी

मित्रांनो, मी औषधांच्या दुकानाच्या दारात उभी असलेली एक जुनी लोखंडी पेटी आहे. तशी माझी चारच वर्षं झाली. पण मला जे काय काय गिळावं लागलं, त्यात कोणीही लवकर म्हातारं होईल.

माझा जन्म मोठ्या थाटात झाला. राज्यभर लोक दुखण्यावरच्या गोळ्यांच्या नशेत अडकत होते. आजाऱ्याला दिलेल्या गोळ्या घरात उरत आणि घरातलंच कोणीतरी त्यांच्या नादी लागे. म्हणून सरकारने जागोजागी माझ्यासारख्या पेट्या बसवल्या. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, मोरीत ओतू नका. इथेच टाका.' फीत कापली, टाळ्या झाल्या. मीही फुशारले.

पण शहाण्यांनी मला दोन कुलपं लावली. गोळ्या कोणी चोरू नयेत म्हणून एक किल्ली आरोग्य खात्याकडे, दुसरी पोलिसांकडे. दोघांनी एकत्र येऊनच मला उघडायचं. झालं! आरोग्यवाले सोमवारी येत, पोलीस गुरुवारी. "ते आले नाहीत वाटतं," असं म्हणून दोघेही आल्या पावली परत जात. लोकही काही कमी नव्हते. कोणी जुने चष्मे टाकले, एका महाभागाने तर फाटकी चप्पल कोंबली! मी काय उकिरडा आहे?

एके दिवशी शिवणकाम करणारी एक ताई धापा टाकत आली. तिचा धाकटा भाऊ कामावर छपरावरून पडला होता, तेव्हापासून त्याला या गोळ्यांचं व्यसन लागलेलं. उपचार घेऊन तो दुसऱ्या दिवशी घरी यायचा होता. वारलेल्या वडिलांच्या गोळ्यांची बाटली तिला त्याआधी घराबाहेर काढायची होती. ती बाटली माझ्या तोंडात ढकलू लागली. जाईना.

"काका, ही पेटी तर गच्च भरलीय. तुम्ही ठेवून घ्या ना," ती दुकानदाराला म्हणाली.

"नाही हो ताई, मला परवानगी नाही. पुढच्या आठवड्यात या."

"अहो, तो उद्या येतोय! मग मोरीत ओतू का?"

दुकानदाराने माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं. बिचारी बाटली घेऊन परत गेली. 'अगं, ओत मोरीत!' असं मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड आहे ते फक्त गिळायला.

पुढच्या आठवड्यात दोन्ही किल्ल्या एकदम आल्या. कशासाठी? मोहिमेचा फोटो काढायला! मला रिकामं केलं, पुसलं, आणि दोन्ही साहेब माझ्या दोन बाजूंना हसत उभे राहिले.

तेवढ्यात ताई आली. हातात तीच बाटली, पण रिकामी. "मशीनच्या खणात लपवली होती, काका. त्याने शोधून काढली. दवाखान्यात आहे, अजून डोळे उघडले नाहीत."

"ताई, जरा बाजूला होता का?" फोटोवाला म्हणाला.

संताप संताप झाला माझा! मित्रांनो, मला नवा रंग नको, हार नको, कौतुक तर मुळीच नको. घरात उरलेल्या गोळ्यांकडे तेवढं लक्ष ठेवा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणाच्या हाती माझी किल्ली आलीच, तर दुसऱ्या किल्लीवाल्याला एक फोन करा. तेवढाच तर करायचा होता.